पूर, भात आणि डोंगरातले चोर : एका जुन्या खेळाच्या शोधाच्या नोंदी

९ सप्टेंबर २०२४, सोमवार

कामाला सुरुवात. १९८६-८७ च्या सुमारास बडोद्यातल्या आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत ताई आणि दादा एक खेळ खेळायचे. त्याचं नाव आज कुणालाच आठवत नाही. तो नेमका कोणता, हे पुराव्यानिशी शोधायचं आहे.

विषय निघाला परवा, गणपतीच्या दिवशी. सगळे दांडिया बाजारातल्या घरी जमलो होतो. ऑगस्टअखेरच्या पुरात विश्वामित्री नदीचं पाणी काळ्या घोड्याच्या पुलापाशी ३५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी २६ फूट. ताईच्या तळमजल्यात कमरेएवढं पाणी शिरलं, गाळ काढणं अजून चालूच आहे. ते सांगता सांगता ती म्हणाली, "शाळेत तो पुराचा खेळ होता बघ, बांधावर माणसं कमी पडली की अगदी असंच व्हायचं." दादा, म्हणजे आमचा मामेभाऊ, आता इंदूरला असतो पण शाळा इथलीच. तो लगेच म्हणाला, "पुराचा कुठला? चोरांचा खेळ होता तो!" दोघं एका वर्गातले, एकाच मशीनसमोर बसणारे. तरी एकीला पूर आठवतो, दुसऱ्याला चोर. मग जो वाद रंगला त्यात दोघांनी एकमेकांच्या आठवणी इतक्या दुरुस्त केल्या की अर्ध्या तासाने कोणतं मूळ कुणाचं हे सांगता येईना.

म्हणून पहिला नियम : यापुढे दोघांनी या विषयावर आपसांत बोलायचं नाही. मी दोघांशी वेगवेगळं बोलणार, ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेणार आणि काम पुरं होईपर्यंत कुणालाही कसलंही चित्र दाखवणार नाही. चित्र पाहिलं की मूळची आठवण गेलीच. मग माणूस त्या चित्रालाच आठवण समजायला लागतो.

मी तेव्हा सहावीत होतो. शनिवारी ताईची वाट बघत चपलांच्या ढिगापाशी उभं राहायचं आणि पडद्याच्या फटीतून दिसेल ते बघायचं, एवढाच माझा संबंध. माझी साक्ष धरायची नाही.

११ सप्टेंबर, बुधवार

ताईशी फोनवर बराच वेळ. "कसा दिसायचा?" हा प्रश्न मुद्दाम टाळला. त्याऐवजी विचारलं : तू काय टाइप करायचीस, मशीन काय विचारायचं, हरलं की काय व्हायचं?

तिचं म्हणणं असं. टाइप करायचे ते फक्त आकडे. लागोपाठ तीन प्रश्न यायचे आणि प्रत्येक वेळी माणसं किती ते सांगायचं : नदीच्या बांधावर किती, शेतात किती, गावं राखायला किती. हातात असतील त्याहून जास्त माणसं वाटता यायची नाहीत. धान्य म्हणजे भात, आणि तो टोपल्यांनी मोजायचा. नदी फुटली की पाणी पडद्यावर सरकत यायचं आणि तेवढा वेळ दोघं श्वास रोखून बसायचे. सगळं हिरवं दिसायचं. आणखी : सुरुवातीला जन्मतारीख विचारायचे. पाण्यात मगर असायची. आणि मशीनच्या कीबोर्डच्या वर ठिपक्याठिपक्यांचं घुबड होतं. खंडेनवमीला सरांनी त्या घुबडालाच हळदकुंकू लावलं होतं.

हिरव्या रंगाचा उपयोग नाही. आमच्या खोलीत हिरव्या अक्षरांचे मॉनिटर होते, त्यांच्यावर सगळंच हिरवं. घुबड मात्र जपून ठेवण्यासारखं आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

दादा. बोलता बोलता तो चौकटीच्या कागदावर नकाशा काढत होता, त्याचा फोटो पाठवला. एका कडेला नदी, दुसऱ्या कडेला डोंगर, मधे तीन गावं, सगळं ठोकळ्याठोकळ्यांचं. चोर डोंगरातून उतरायचे आणि भात लुटायचे. "आणि भात संपला ना, की आपलीच माणसं पळून जाऊन चोरांना मिळायची. मला तेव्हा फार राग यायचा त्यांचा." हे वाक्य त्याने आपण होऊन सांगितलं, मी काहीही सुचवलं नव्हतं.

याखेरीज त्याच्या मते त्या खेळात एक गोल घड्याळही होतं, काटे फिरणारं. आणि पट्टीने टोलवायचा चेंडू. कॅसेटवरून खेळ चढायला वेळ लागायचा. तेवढ्यात पडद्यावर खेळाचं नाव यायचं आणि त्यापुढे आकडा वाढत जायचा. "पण सरळ नाही वाढायचा रे. आठ, नऊ, मग ए, बी, सी."

भाताच्या खेळात घड्याळ आणि चेंडू कशाला? जन्मतारीख कशाला? सरळ बघितलं तर यातलं काहीच बसत नाही. पण दोघंही ठामपणे सांगतात, त्यामुळे एकही ओळ खोडायची नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आधी मशीन ठरवायचं, मग खेळ. ताईचं घुबड आणि दादाचे ए-बी-सी यांनी ते आज ठरलं.

ठिपक्यांचं घुबड हे बीबीसीच्या संगणक साक्षरता प्रकल्पाचं चिन्ह, आणि ते बीबीसी मायक्रो या मशीनवर छापलेलं असे. हे मशीन केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने केलं, १९८१ च्या अखेरीस बाजारात आलं. आत ६५०२ प्रोसेसर, २ मेगाहर्ट्झ, आणि ३२ किलोबाइट मेमरी. कॅसेटवरून प्रोग्रॅम चढताना ते २५६ बाइटच्या ब्लॉकांमध्ये वाचतं आणि नावापुढे ब्लॉकचा क्रमांक सोळाच्या पायावर दाखवतं. म्हणजे ०९ नंतर ०ए, ०बी. अगदी दादा म्हणतो तसंच. त्या काळचं दुसरं घरगुती मशीन, स्पेक्ट्रम, असतं तर चढताना पडद्याच्या कडेला आडवे पट्टे नाचले असते. पट्ट्यांचं दोघांपैकी कुणीही बोललं नाही.

ही मशीनं बडोद्याच्या शाळेत आली कुठून, तेही जुळतं. केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये शाळांसाठी संगणक साक्षरतेचा 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, पहिल्या वर्षी सुमारे अडीचशे माध्यमिक शाळा घेतल्या आणि त्यांना बीबीसी मायक्रोच दिले. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने हेच मशीन इथे बनवलं. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने पहिली कळ दाबली ती या मशीनची, आणि त्याबद्दल मराठीत लिहिलेलं फारच थोडं सापडतं. मला याचं वाईट वाटतं. पीसी आणि डॉसच्या खेळांच्या आठवणी सगळे सांगतात. त्याआधीच्या या तीन-चार वर्षांचं कुणी काही लिहून ठेवत नाही, आणि ज्यांनी शिकवलं ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत.

२१ सप्टेंबर, शनिवार

उमेदवार.

माणसं आणि धान्य यांची वाटणी करत राज्य चालवायचं, हे खेळांचं एक जुनं घराणं आहे. मूळ पुरुष 'द सुमेरियन गेम', १९६४ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल अ‍ॅडिस या शाळाशिक्षिकेने तो लिहिला, आयबीएमच्या मोठ्या मशीनवर सहावीच्या मुलांसाठी. त्यावरून डग डाइमेंटने १९६८ मध्ये डेक कंपनीच्या मशीनसाठी छोटा अवतार केला, आणि डेव्हिड आलने तो बेसिक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आणून १९७३ च्या आपल्या खेळांच्या पुस्तकात छापला. तोच 'हामुराबी'. त्या पुस्तकातून तो घरोघरच्या छोट्या मशीनांवर पोचला.

शाळेत वर्षानुवर्षं शिकवणाऱ्या एका बाईच्या डोक्यातून हे सगळं घराणं निघालं, हे मला ठाऊक नव्हतं. दुष्काळ आणि साठा, पेरायचं किती आणि खायचं किती, हे मुलांना वाचायला देण्यापेक्षा करायला द्यावं, ही कल्पना १९६४ मध्ये सुचणं म्हणजे मोठीच गोष्ट.

पण आपला खेळ हामुराबी नाही. हामुराबीत जमीन विकत घ्यायची-विकायची असते, उंदीर धान्य खातात, साथ येते, दहा वर्षांनी हिशेब होतो. नदीही नाही, बांधही नाही, पडद्यावर चित्रही नाही. ताई-दादांपैकी कुणालाही जमिनीचा भाव आठवत नाही, आणि तो आठवला असता, कारण दरवर्षी पहिला प्रश्न तोच असतो. 'सांता पाराविया' हा १९७८ चा खेळही पाहिला. तो मध्ययुगीन इटलीतल्या नगरांचा, त्यात जकात आणि राजवाडे. बाद. बीबीसी मायक्रोवर शाळांमध्ये सर्वांत गाजलेला म्हणजे 'ग्रॅनीज गार्डन', १९८३ चा. त्याचं चित्र ठोकळ्यांचंच, पण त्यात मुलांना चेटकिणीपासून सोडवायचं असतं, माणसांची वाटणी नाही. तोही बाद, मात्र चाचणीसाठी हाताशी ठेवणार.

नकाशाबद्दल एक तांत्रिक मुद्दा. दादाने काढलेले ठोकळे नीट पाहिले तर अक्षराएवढ्या प्रत्येक चौकटीचे त्याने आडवे दोन आणि उभे तीन भाग केलेत. बीबीसी मायक्रोचा मोड ७ नेमका असाच आहे. टीव्हीवर मजकुराची पानं दाखवणाऱ्या टेलिटेक्स्टची चिप त्यात बसवलेली, पडदा ४० अक्षरं रुंद आणि २५ ओळी उंच, प्रत्येक जागी एकतर अक्षर किंवा दोन-बाय-तीन ठोकळे. अख्खा पडदा १ किलोबाइटमध्ये मावतो, म्हणून मेमरी वाचवायची असली की लोक हाच वापरत. सदतीस वर्षांनी हात हे बरोबर काढतो आणि नाव तेवढं आठवत नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

सरांकडे जाऊन आलो. ते बडोद्याच्या वाडी भागात राहतात, दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे पुरापासून बचावले. मूळचे गणिताचे शिक्षक. शाळेत मशीनं आली तेव्हा सुटीत प्रशिक्षण घेऊन कॉम्प्युटरही त्यांनीच शिकवला. ऐकू थोडं कमी येतं, बाकी खणखणीत.

मी खेळाचं वर्णन केलं नाही. फक्त विचारलं, मुलं काय काय खेळायची? सर म्हणाले, "खेळ असा आपल्याकडे फारसा नव्हताच रे. मशीनबरोबर कंपनीची एक टेप आली होती, तीच फिरवून फिरवून सगळ्यांना दाखवायची. पोरांनी पाठ केली होती ती." त्या टेपचं नाव 'वेलकम'. प्रत्येक बीबीसी मायक्रोबरोबर ती यायची, मशीन काय काय करू शकतं हे दाखवायला.

मग त्यांना आपसूकच आठवत गेलं. आधी जमिनीवर सतरंजी, मग मशीनं, मग वातानुकूलन यंत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी आपली खुर्चीच तिथे हलवली. ब्रेक नावाची कळ लाल कळांच्या रांगेत होती आणि मुलं ती चुकून दाबायची. दाबली की प्रोग्रॅम गायब. 'ओल्ड' टाइप केलं की परत यायचा, पण हे सरांना बऱ्याच उशिरा कळलं. तोपर्यंत त्यांनी प्रत्येक ब्रेक कळीवर काडेपेटीचा खोका कापून टोपी बसवली होती. त्यातली एक टोपी त्यांनी जपून ठेवलीय. निळ्या शाईने वर लिहिलंय : हात लावू नये.

निघता निघता मी मगरीबद्दल विचारलं. सर हसले. "मगर माझी. त्या टेपवर नदीचं काहीतरी होतं, त्यात नदीचा बांध सांभाळायचा. पोरांना त्याचं महत्त्व कळेना, सगळी माणसं शेतात घालायची. मग मी सांगायचो, बांध फुटला की विश्वामित्रीतल्या मगरी वर्गात येतील. दुसऱ्या दिवसापासून सगळे बांधावर!"

म्हणजे 'नदीचं काहीतरी' वेलकम टेपवर होतं. आणि मगर ताईच्या डोक्यातली नव्हे, सरांच्या तोंडची. बडोद्यात पूर आला की मगरी रस्त्यावर येतात हे लहानपणापासून पाहिलेलं, त्यामुळे ती खेळात शिरून बसली यात नवल नाही.

सरांनी आतून एक सी-६० कॅसेट आणून दिली. मूळ टेप झिजू नये म्हणून दोन टेपरेकॉर्डर जोडून त्यांनी केलेली नक्कल. लेबल ओल लागून कोरं झालंय. सोबत लिलो चिवड्याचा पुडा. तो नाकारायची सोय नव्हती.

६ ऑक्टोबर, रविवार

कॅसेट. इतकी वर्षं न हललेली टेप थेट चालवायची नाही. आधी पेन्सिलीने दोन-चार वेढे हाताने फिरवून बघितले, चिकटलेली नाही ना ते. मग पूर्ण पुढे, पूर्ण मागे. माळ्यावरचा बाबांचा टेपरेकॉर्डर काढला, रबरी पट्टा बदलला, हेड स्पिरिटने पुसला.

पहिल्या वेळी आवाज घोगरा आला. बीबीसी मायक्रोची भाषा दोनच सुरांची : शून्यासाठी १२०० हर्ट्झचं एक आवर्तन, एकासाठी २४०० हर्ट्झची दोन. हेड टेपशी नेमका काटकोनात नसेल तर वरचा सूर आधी मरतो आणि सगळे एक बुजून जातात. आमच्या हेडशेजारी एक बारका स्क्रू आहे, त्याने हेडचा कोन बदलतो. टेप चालू ठेवून तो केसाएवढा डावीकडे वळवला तसा आवाज एकदम उघडला, घोगरा होता तो शिट्टीसारखा धारदार झाला. तिथेच थांबलो. सरांच्या रेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं, बरोबर त्या कोनात आता आमचं आलं असणार.

सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने पूर्ण बाजू लॅपटॉपवर उतरवून घेतली. ही प्रत आता कुणी हात लावायची नाही. काम दुसऱ्या प्रतीवर.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. टेपरेकॉर्डरला झेंडूचं फूल वाहिलं. आज काम नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

सुरांचे आकडे करायचा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला. तत्त्व सोपं : आवाजाची रेघ शून्याला दोनदा छेदते त्यामधलं अंतर मोजायचं. सुमारे १८ नमुने आलं तर तो सावकाश सूर, सुमारे ९ आलं तर जलद. त्यावरून बिट, दहा बिटांचा एक बाइट. पुढचा एक आणि मागचा एक सीमेचा, मधले आठ कामाचे. प्रत्येक ब्लॉकच्या आधी एक खुणेचा बाइट, मग फाइलचं नाव, मग पत्ते, क्रमांक, लांबी, आणि शेवटी तपासणीची बेरीज, जिच्यावरून ब्लॉक धड आहे की नाही ते कळतं.

मला अख्खे प्रोग्रॅम नकोच होते. नावं हवी होती, आणि नावं दर ब्लॉकला पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे एखादा ब्लॉक खराब असला तरी बिघडत नाही.

दुपारी चारच्या सुमाराला पडद्यावर नावं उतरायला लागली. कीबोर्ड. स्केच. अल्फासॉर्ट. किंगडम. बॅट'न'बॉल. पोएम. क्लॉक. म्युझिक. बायोऱ्हिदम्स.

मी ती पुन्हा पुन्हा वाचली. बॅट'न'बॉल : दादाची पट्टी आणि चेंडू. क्लॉक : दादाचं काट्यांचं घड्याळ. बायोऱ्हिदम्स : शरीराच्या चढउताराचा आलेख काढून देणारा प्रोग्रॅम, तो सुरू होताच जन्मतारीख मागतो. ताईची जन्मतारीख.

खेळात न बसणारी प्रत्येक गोष्ट टेपवर बसली. एकाच तासात, एकाच कॅसेटवरून, लागोपाठ पाहिलेलं दोघांच्या डोक्यात एकाच खेळात गोळा झालं होतं. ११ आणि १२ सप्टेंबरला त्या ओळी 'चूक' म्हणून खोडल्या असत्या तर सर्वांत भक्कम पुरावा हातचा गेला असता. भाताचा खेळ सांगणारे लोक पुष्कळ भेटतील. भाताबरोबर घड्याळ, चेंडू आणि जन्मतारीख सांगणारा माणूस वेलकम टेपसमोरच बसलेला असला पाहिजे.

आणि नदीचं म्हणता येईल असं नाव या यादीत एकच : किंगडम.

२० ऑक्टोबर, रविवार

किंगडमचे दोन ब्लॉक आमच्या टेपवर खराब आहेत, तिथे तपासणीची बेरीज जुळत नाही. त्यामुळे खेळ आपल्या प्रतीवरून चढत नाही. वेलकम टेपच्या धड प्रती जतन झालेल्या आहेत, त्यातली एक घेतली आणि ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जेएसबीब या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, चढवली. सुरुवातीचा तो दोन सुरांचा बीप ऐकून बायको आतून म्हणाली, "काय वाजलं?" मी उत्तर द्यायच्या स्थितीत नव्हतो, चपलांचा ढीग आठवत होता.

खेळाचं पूर्ण नाव 'यलो रिव्हर किंगडम', १९८१ चा. टॉम हार्टली, जेरी टेंपल-फ्राय आणि रिचर्ड वॉर्नर यांचा. हामुराबीच्याच घराण्यातला, पण चीनमध्ये नेलेला. पीत नदी आणि डोंगर यांच्यामधे तीन गावं. तुमच्या आधीच्या कारभाऱ्याला डोंगरातल्या चोरांनी मारलेलं. वर्षाचे तीन हंगाम : हिवाळा, पेरणी, कापणी. दर हंगामाला शिरगणती होते आणि तीन प्रश्न येतात. बांधावर किती, शेतात किती, गावांच्या राखणीला किती. भात टोपल्यांनी. पडदा मोड ७ चाच, ठोकळ्यांचा.

मग 'लिस्ट' टाइप केलं. खेळ बीबीसी बेसिकमध्ये असल्याने सगळा उघडा वाचता येतो, आणि तो इतका छोटा आहे की एका बैठकीत संपतो. पुराचा जोर आधी एका फाशाने ठरतो, पण मग बांधावरच्या माणसांच्या संख्येने तो भागला जातो. म्हणून तिथे थोडी माणसं वाढवली की धोका पहिल्यांदा झपाट्याने उतरतो आणि पुढे पुढे तितक्याच माणसांनी फारसा फरक पडत नाही. सगळे बांधावर बसवणं वाया, कुणीच न बसवणं आत्महत्या. सरांच्या मगरीने मुलांना अर्धंच शिकवलं होतं. उरलेलं अर्धं भात संपल्यावर कळायचं.

प्रोग्रॅममध्ये शेवटचे निरोपही दिसले. भात संपला तर लोक पळून जाऊन चोरांना मिळतात आणि कारभाऱ्याच्या नावाने बोटं मोडतात. दादाचं वाक्य, जवळजवळ शब्दशः.

अजून दोघांना काहीही सांगितलेलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. दादा इंदूरहून आला आहे. ओवाळणी झाल्यावर चाचणी. तीन खेळ, नावाची पाटी झाकून : हामुराबी (मी बीबीसी बेसिकमध्ये बसवून घेतलेला), ग्रॅनीज गार्डन आणि किंगडम. आधी ताई एकटी, दादाला आतल्या खोलीत बसवलं.

हामुराबीला ती पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "नाही. आम्ही जमीन कधी घेतली नाही." ग्रॅनीज गार्डन थोडा वेळ बघितला, "छान आहे, पण हा नव्हे." किंगडमला सूचनांचं पान आलं तेव्हा काही बोलली नाही. नकाशा आला तेव्हा चष्मा काढून पुसला. पहिला हंगाम पार पडला, दुसऱ्याचे तीन आकडे तिने भरले आणि पडदा बदलायच्या आत म्हणाली, "आता पेरायला किती टोपल्या ते विचारेल."

विचारलं. हा चौथा प्रश्न वर्षातून एकदाच, फक्त पेरणीच्या हंगामात येतो. ११ सप्टेंबरच्या तिच्या जबानीत तो नव्हता, मी कधी बोललो नव्हतो. माझ्या दृष्टीने ओळख इथे पटली.

दादाने उलटं केलं. बसल्या बसल्या सगळा भात पेरून टाकला, शेतात कुणालाच पाठवलं नाही आणि म्हणाला, "थांब, आता बघ हं, पळून जातील." गेले. निरोप वाचून तो मोठ्याने ओरडला, "हेच ते बेइमान!" तेवढ्यात ताई आतून धावत आली, आणि मग दोघं शेजारी बसून खेळायला लागले तसा मी नोंदी घेणं थांबवलं.

एक गोष्ट दोघांनाही नवी. पाच-सहा वर्षं टिकल्यावर डोंगरातले काही चोरच खाली उतरून गावात राहायला आले. लुटण्यापेक्षा भात पिकवणं सोपं, असं त्यांनी ठरवलं म्हणे. शाळेत इतकी वर्षं ते कधी टिकलेच नव्हते. घंटा व्हायची.

१० नोव्हेंबर, रविवार

शोध पूर्ण. खेळ : यलो रिव्हर किंगडम, बीबीसी मायक्रोच्या वेलकम टेपवरचा. दोन्ही जबान्या, दादाचा नकाशा, टेपवरून निघालेली नावांची यादी आणि मूळ ध्वनिमुद्रण एकत्र ठेवलं. एक प्रत ताईकडे, एक इंदूरला, एक सरांना पेनड्राइव्हवर दिली.

सरांनी कॅसेट परत घेतली नाही. म्हणाले, "दुसरी बाजू बघितलीस का? तिकडे पोरांचे प्रोग्रॅम आहेत." काल ती बाजू उतरवली. नावं कंपनीची नाहीत : रांगोळी, पाढे, पतंग, उत्तरायण, आणि तीन-चार नुसतेच रोल नंबर. रांगोळीचे सगळे ब्लॉक धड निघाले. सममितीने रेघा काढत जाणारा प्रोग्रॅम आहे, पहिल्याच ओळीत लिहिणाऱ्याचा वर्ग आणि तुकडी. सर त्यांच्या वहीत नावं शोधताहेत. पाढ्यांचा शेवटचा ब्लॉक अजून जुळत नाही. ती बाजू वेगळ्या रेकॉर्डरवर भरलेली दिसते, त्यामुळे हेडचा स्क्रू नव्याने लावून पुढच्या रविवारी पुन्हा उतरवायची.